काल चालत होतं

"सर, काल चालत होतं."

पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत प्रॅक्टिकलला एक्सटर्नल म्हणून जाणाऱ्या कुणालाही विचारा, हे वाक्य दिवसातून पाच-सात वेळा कानावर पडतं. आपण मास्तर मंडळी ते ऐकून हसतो आणि पुढच्या रोल नंबरला हाक मारतो. मला हल्ली हसू येत नाही. मुलं खोटं बोलत नसतात. काल ते खरोखर चालत असतं. आज का चालत नाही हे त्यांना सांगता येत नाही, आणि सांगता यावं असं आपण त्यांना काही शिकवलेलंही नसतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण दोष एका कॉलेजचा नाही. दोघा-दोघांनी मिळून छोटासा कंपायलर लिहून आणायचा होता: चार अंकगणिती क्रिया, कंस, एखादं 'इफ'. एका मुलीला मी म्हटलं, "भागाकाराची बाकी काढता येत नाही तुझ्या भाषेत. ते चिन्ह घालून दाखव." तिने व्याकरणावरून सी कोड तयार करणाऱ्या याक या हत्याराची व्याकरणाची फाइल उघडली आणि गुणाकार-भागाकाराच्या नियमांना लागून, जिथे हवा तिथे, नवा नियम लिहिला. अग्रक्रमसुद्धा बरोबर दिला. मग वरचा बाण दाबून आधीची कमांड परत आणली, कंपाइल केलं, चालवलं. सिंटॅक्स एरर.

तिने नियम पुन्हा वाचला. खोडून परत तोच लिहिला. पुन्हा एरर. तिसऱ्या वेळी तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला आणि तिने बरोबर असलेला नियम काढून चुकीचा लिहिला. वीस मिनिटं अशी गेली. मीही तोवर मनात तिचे मार्क कापून बसलो होतो. मग सहज फाइलींची यादी बघितली. याकने तयार केलेल्या सी फाइलीवर आदल्या रात्रीची पावणेबाराची वेळ होती. ती बदलत होती व्याकरण आणि कंपाइल करत होती कालच्या व्याकरणातून निघालेली सी फाइल. मधली पायरी, म्हणजे याक पुन्हा चालवणं, गळली होती.

शेजारी उभा असलेला तिचा जोडीदार हळूच म्हणाला, "याक मीच चालवायचो, सर."

त्या मुलीला कंपायलर येत होता. तिला येत नव्हती ती फक्त एक पायरी, आणि ती कुठेही लिहिलेली नव्हती. एका मुलाच्या बोटांत होती.

अगदी हेच १९७६ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन यांच्या बाबतीत घडलं होतं. जॉन्सन कुणी शिकाऊ नव्हते; ती मुलगी जे याक वापरत होती ते मुळात त्यांनीच लिहिलेलं. एके दिवशी ते सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत चडफडत शिरले. प्रोग्रॅममधली चूक दुरुस्त झालेली होती, पण दुरुस्त केलेली फाइल कंपाइलच झाली नव्हती, आणि सबंध सकाळ त्यांनी बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधण्यात घालवली होती. फेल्डमन यांची आदल्याच संध्याकाळी अशीच फजिती झाली होती. त्याच शनिवार-रविवारी फेल्डमन यांनी मेक नावाचं हत्यार लिहिलं. फेल्डमन स्वतः कंपायलरवाले. फोरट्रान ७७ चा पहिला कंपायलर त्यांचा. म्हणजे मेक जन्मालाच आलं ते कंपायलर लिहिणाऱ्यांच्या वैतागातून.

या गोष्टीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते त्या दोघांनी काय केलं नाही हे. 'यापुढे लक्ष देऊन काम करत जा' असं त्यांनी एकमेकांना बजावलं नाही. आपण हमखास तेच करतो. घरात, शाळेत, कचेरीत, पोराच्या हातून पायरी गळली की आपण त्याच्या लक्षाला दोष देतो, आणि ती पायरी लिहून ठेवायचं मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही.

मेक ज्या फाइलीवरून काम करतं ती मेकफाइल म्हणजे पायऱ्या लिहून ठेवणं, दुसरं काही नाही. एकेका वस्तूसाठी तीन गोष्टी लिहायच्या: काय बनवायचं आहे, ते कशाकशापासून बनतं, आणि बनवायचं कसं. सी फाइल व्याकरणाच्या फाइलीपासून बनते, याक चालवून. डॉट ओ फाइल सी फाइलीपासून बनते, सीचा कंपायलर चालवून. कंपायलर त्या सगळ्या डॉट ओ फाइलींपासून बनतो. एवढं लिहिलं की 'मेक' या एका शब्दावर यंत्र प्रत्येक फाइलीची वेळ बघतं, मूळ फाइल नवी आणि तिच्यापासून झालेली जुनी असेल तिथे नेमकं तेवढंच काम पुन्हा करतं. त्या मुलीच्या फोल्डरमध्ये अशी सहा ओळींची फाइल असती तर तिचा पहिलाच नियम पहिल्याच वेळी चालला असता.

मेकमध्ये एक खोट आहे आणि ती सांगितली पाहिजे. कृतीची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. तिथे स्पेस टाकल्या की सगळं अडतं. फेल्डमन यांना ही रचना पुढे खटकली, पण तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते, बहुतेक मित्रच, आणि त्यांची घडी विस्कटायला नको म्हणून टॅब राहिला. डझनभरांची गैरसोय टळली आणि पन्नास वर्षं जगभरचे शिकणारे त्या अदृश्य टॅबवर ठेचकाळत आहेत. सुधारणा लांबणीवर टाकली की तिची किंमत पुढच्यांच्या माथी कशी बसते, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

मेकचं खरं मोठेपण मला कळलं ते जीसीसी घरी बांधताना. जीसीसी म्हणजे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली जगाला खुला करून दिलेला कंपायलर. सदाशिव पेठेत आमचं दोन खोल्यांचं घर, जुना पीसी, त्याच्या पंख्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत. बुधवारी रात्री मूळ कोडच्या बाहेर वेगळं रिकामं फोल्डर केलं, त्यात कॉन्फिगर चालवलं, मेक सोडलं आणि झोपलो. सकाळी उठलो तेव्हाही पडद्यावर ओळी धावत होत्या. दुसरा दिवस गुरुवार आहे हे मी विसरलो होतो. पुण्यात गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी लाईट जाण्याचा वार. दहाच्या सुमारास गेली.

दुपारी लाईट आल्यावर परत मेक म्हटलं. झालेली हजारो कामं त्याने ओलांडली आणि जिथे थांबलं होतं तिथून उचललं. मी खूश. थोड्या वेळाने जोडणीच्या टप्प्यावर अडलं: एक डॉट ओ फाइल अर्धवट. लाईट गेली त्या क्षणी ती लिहिली जात होती. आपण मधेच थांबवलं तर मेक अर्धी फाइल पुसून टाकतं, पण वीजच गेल्यावर पुसणार कोण? मेकच्या दृष्टीने फाइल होती, तिची वेळही ताजी होती, म्हणजे काम झालेलं होतं. फाइलीच्या पोटात काय आहे ते मेक बघत नाही. ती फाइल हाताने काढली आणि काम पुढे सरकलं. पण वेळेचा शिक्का आणि आतला माल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या गुरुवारने मला कायमचं शिकवलं. आपल्याकडच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सही-तारखेचा शिक्का असतो. आतलं काम झालंय का, ते कोण बघतं?

जीसीसीची बांधणी तीन फेऱ्यांत होते. आपल्या यंत्रावर आधीपासून असलेला कंपायलर नव्या जीसीसीचा कोड कंपाइल करतो. ती पहिली फेरी. या पहिल्या जीसीसीकडून तोच कोड पुन्हा कंपाइल करून घ्यायचा, दुसरी. दुसऱ्याकडून पुन्हा तोच, तिसरी. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या डॉट ओ फाइली एकमेकींशी ताडायच्या. पहिलीशी का नाही? कारण पहिली परक्या कंपायलरच्या हातची; ती वेगळी निघणारच. दुसरी आणि तिसरी मात्र एकाच कोडच्या, एकाच वळणाच्या. त्यांत फरक निघाला तर कंपायलर स्वतःचाच कोड चुकीचा कंपाइल करतोय. ताळा जमल्याची एक ओळ पडद्यावर येते. रात्री उशिरा ती आली तेव्हा मी आईला उठवून दाखवली होती. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण "जमलं ना?" एवढं तिने विचारलं.

जमलं होतं, पण किती जमलं होतं? इथे थोडं थांबायला हवं. दुसरी आणि तिसरी फेरी तंतोतंत जुळली याचा अर्थ कंपायलर बरोबर आहे असा होत नाही. तो स्वतःशी सुसंगत आहे, एवढंच त्यातून कळतं. एखादी चूक प्रत्येक फेरीत इमानाने तशीच उतरत असेल तर ताळा जमतोच. युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन यांनी १९८४ साली छापून आलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवून दिलं, की कंपायलरमध्ये मुद्दाम दडवलेली लबाडी मूळ कोडमधून पुसून टाकल्यावरही पिढ्यानपिढ्या पुढे जात राहू शकते, कारण प्रत्येक कंपायलर पुढच्या कंपायलरमध्ये ती गुपचूप घालतो.

हे वाचलं तेव्हा मला आगरकर आठवले. १८८८ साली याच शहरात 'सुधारक' काढणाऱ्या त्या माणसाचं भांडण कशाशी होतं? आजोबांकडून बापाकडे आणि बापाकडून मुलाकडे जशीच्या तशी आली, म्हणून रूढी बरोबर, या समजुतीशी. दुसरी पिढी आणि तिसरी पिढी ताडून बघितली, फरक नाही, झालं काम. आगरकर म्हणत होते की रूढी बुद्धीच्या कसोटीला लावा, तिने माणसाचं भलं होतंय का ते बघा. रूढीचे चटके बालविधवांनी सोसले. कंपायलरच्या चुकीची झळ तशी नाही, हे मला कळतं, आणि दोन्ही एका तराजूत घालण्याचा माझा हेतू नाही. पण 'पूर्वीपासून असंच करतात' या उत्तरावर समाधान मानणारं मन तेच आहे, आणि ते मन आपल्या प्रयोगशाळांत अजून बसलेलं आहे.

म्हणून बांधणीनंतर चाचण्या लागतात, आणि त्या बाहेरच्यांनी लिहिलेल्या लागतात. जीसीसीत 'मेक चेक' म्हटलं की डेजाग्नू नावाची व्यवस्था चाचण्या चालवायला घेते. एकट्या सी भाषेच्या तपासण्या लाखावर जातात. त्यांतली कितीतरी छोटी प्रकरणं जगात कुणाला तरी सापडलेल्या एकेका चुकीतून आलेली आहेत. चूक दुरुस्त करणारा तिची चाचणीही ठेवून जातो, म्हणजे ती चूक परत आली तर पकडली जाईल.

आणि निकाल कसे लिहिले जातात ते बघण्यासारखं आहे. पास आणि नापास तर आहेतच. त्याखेरीज 'अपेक्षित नापास' असा एक वर्ग आहे: हे अजून चालत नाही, आम्हाला ते ठाऊक आहे, आम्ही ते लपवत नाही. त्याच्या उलट 'अनपेक्षित पास'ही आहे. जे चालणार नाही असं धरलं होतं ते चालू लागलं तर तेही नोंदलं जातं, कारण न कळता मिळालेलं यश हेसुद्धा न कळलेलंच असतं. जीसीसीत कुणी बदल पाठवला तर त्याने सांगायचं असतं की तीन फेऱ्यांची बांधणी केली, चाचण्या केल्या, कुठल्या यंत्रावर केल्या, आणि आधी पास होणारं काही नव्याने नापास झालेलं नाही. असं सांगितल्याशिवाय तिथे मोठ्या नावाचाही बदल स्वीकारला जात नाही.

ही शिस्त परदेशी आहे, आपल्या मातीत रुजणार नाही, असं कुणी म्हणू लागलं तर मी त्याला भांडारकर संस्थेत घेऊन जाईन. तिथे १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं. १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. प्रत्येक श्लोकाला वेगळा कागद, त्यावर आखलेले चौकोन, एकेका चौकोनात एकेक अक्षर, आणि प्रत्येक प्रतीतला फरक नेमका त्या अक्षराच्या चौकोनात. उत्तरेचे आणि दक्षिणेचे शास्त्री ताळा घ्यायला बसत. संपादकांनी जो पाठ स्वीकारला तो वर छापला आणि जे नाकारले ते सगळे पाठभेद खाली छापले. वाचकाला वाटलं की संपादकाचं चुकलं, तर तो त्याच पानावरून स्वतःचा निर्णय पुन्हा बांधू शकतो.

विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ पासून या कामाचे प्रमुख संपादक होते. आदिपर्व १९३३ साली पुरं झालं आणि त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी आपली सगळी पद्धत मांडली: कुठल्या प्रती घेतल्या, कुठल्या टाकल्या, का टाकल्या, दोन पाठांत निवड करताना काय निकष लावला. १९४३ च्या जानेवारीत ते गेले. अठरा पर्वांपैकी बरीचशी बाकी होती. काम थांबलं नाही. बेलवलकर आले, वैद्य आले, आणि १९६६ साली आवृत्ती पूर्ण झाली. हे शक्य झालं, कारण महाभारत कसं बांधायचं ते सुकथनकरांच्या डोक्यात राहिलं नव्हतं, कागदावर उतरलं होतं. त्या प्रस्तावनेला मी मेकफाइल म्हणतो तेव्हा मला शब्दांचा खेळ करायचा नसतो. काय बनवायचं, ते कशापासून बनतं आणि कसं, हे तिन्ही तिथे आहे. आणि पानाखालचे पाठभेद हे त्या कामाचे चाचणी-निकाल आहेत, नाकारलेल्यांसकट.

कंपायलरही या शहराला परका नाही. इथे १९८१ मध्ये टाटांचं संशोधन केंद्र, टीआरडीडीसी, उभं राहिलं. तिथे काम केलेले केशव नोरी तरुणपणी झुरिकला पास्कल भाषेचे जनक निकलाउस विर्थ यांच्याकडे होते, आणि पास्कल-पी या कंपायलरच्या १९७४ च्या टिपणावर त्यांचं नाव आहे. तो कंपायलर पास्कलमध्येच लिहिलेला आणि एका काल्पनिक साध्या यंत्राचा कोड काढणारा. तुमच्या यंत्रावर त्या काल्पनिक यंत्राची नक्कल तेवढी लिहायची, की कंपायलर तुमच्याकडे चालू. दुसऱ्याला सगळं पहिल्यापासून उभं करता यावं, या एका हेतूने केलेली ती रचना होती आणि म्हणूनच ती जगभर गेली. पुढे पुण्याच्याच केपीआयटीने रेनेसासच्या एसएच आणि एच८ सारख्या चिपांसाठी जीसीसीची हत्यारं बांधून लोकांना मोफत दिली. अशा कामात कंपायलर पीसीवर चालतो आणि कोड काढतो भलत्याच चिपचा. तिथे तीन फेऱ्यांचा ताळाही घेता येत नाही, सगळी भिस्त चाचण्यांवर. आणि १९९४ ते २००१ पुणे विद्यापीठात शिकवणारे उदय खेडकर पुढे आयआयटी मुंबईत गेले, तिथे जीसीसी रिसोर्स सेंटर चालवलं आणि शिक्षकांना-विद्यार्थ्यांना जीसीसीच्या पोटात शिरायला शिकवलं.

म्हणजे जाणणारी माणसं होती, आहेत. मग पाच-दहा किलोमीटरवरच्या वर्गात त्यांची शिस्त का पोचत नाही?

माझं उत्तर कडू आहे. आपल्याला चूक दिसण्याची भीती वाटते, आणि ती भीती आपण मुलांना पहिल्या वर्षापासून देतो. जर्नल बघा. उद्दिष्ट, सिद्धांत, कोड, आउटपुट, निष्कर्ष. साठ मुलांच्या साठ जर्नलांत एकच आउटपुट, एकच निष्कर्ष. राइट-अप सिनिअरकडून आलेला, त्याच्याकडे त्याच्या सिनिअरकडून. फेरी दोन आणि फेरी तीन जुळल्या, सही झाली. या साठांत एकानेही 'माझ्या कंपायलरला उणे अंक कळत नाहीत' असं लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. लिहिलं असतं तर त्याचे मार्क गेले असते, हे त्याला पक्कं माहीत असतं. खरं सांगणाऱ्याचे मार्क कापायचे आणि वर मुलं कॉपी करतात म्हणून हळहळायचं, हा दुटप्पीपणा आपला आहे, त्यांचा नाही.

कॉलेजातून ही भीती नोकरीत जाते. काही वर्षांपूर्वी एका कंपनीत मी कंपायलरच्या गटात होतो. माल गिऱ्हाइकाकडे जायची रात्र. चाचण्यांत तीन नापास. वरून निरोप आला की त्या तीन यादीतून काढा आणि अहवाल पाठवा. नुकत्याच लागलेल्या एका मुलाने त्या काढल्या. अहवालात नापास शून्य. काही महिन्यांनी गिऱ्हाइकाला तीच चूक सापडली: लूप वेगवान करण्याच्या नादात कंपायलर एका ठिकाणी चुकीचा कोड काढत होता. बैठक झाली आणि बोट त्या मुलाकडे गेलं. कुणाच्या सांगण्यावरून त्याने ते केलं हे खोलीतल्या चौघांना माहीत होतं. त्या चौघांत मी एक होतो. मी बोललो नाही. त्या तीन चाचण्या 'अपेक्षित नापास' म्हणून अहवालात राहिल्या असत्या तर गिऱ्हाइकाने फार तर दोन प्रश्न विचारले असते. तो मुलगा पुढे कंपायलरचं काम सोडून गेला. हा लेख लिहायचं एक कारण तो आहे.

मला माहीत आहे लोक काय म्हणतील. मेक जुनं झालं, आता सीमेक आहे, निंजा आहे, बॅझल आहे. असू द्या. जीसीसी आणि लिनक्सचा गाभा अजून मेकनेच बांधला जातो, पण मी हत्यारासाठी भांडत नाही. कशानेही बांधा, पण कोऱ्या यंत्रावर, कोऱ्या फोल्डरमध्ये, तिऱ्हाईत माणसाला एका कमांडने बांधता आलं पाहिजे. दुसरा आक्षेप वेळेचा. एका बॅचला आठवड्यात दोन तास, त्यात चाचण्या कधी लिहायच्या? याचं उत्तर सोपं आहे: हाताने उतरवून काढायच्या राइट-अपमध्ये जो वेळ जातो तो इकडे द्या. मेकफाइल सहा ओळींची असते. तिसरा आक्षेप असा की मुलं चाचण्याही एकमेकांच्या ढापतील. ढापू द्या! चाचणी ही एकच अशी चीज आहे की दुसऱ्याची उचलली तर आपलंच बिंग फुटतं.

उलट तीच रीत करावी. शेजारच्या बॅचने चाचण्या लिहायच्या, या बॅचच्या कंपायलरवर चालवायच्या. परीक्षेला एक्सटर्नलने स्वतःच्या लॅपटॉपवर मुलांचा कोड घ्यायचा, 'मेक' म्हणायचं, 'मेक चेक' म्हणायचं, आणि मग बोलायला लागायचं. आणि मार्क? नापास चाचणी लपवली तर शून्य, नोंदली तर पूर्ण, तिचं कारण शोधलं तर कौतुक. हे करायला विद्यापीठाचा नवा पॅटर्न यायची वाट बघावी लागत नाही. एखाद्या मास्तराने मनावर घेतलं तर पुढच्या सबमिशनपासून होतं.

यंदाच्या मार्चमध्ये एका कॉलेजात एका तरुण प्राध्यापिकेने ते मनावर घेतलं होतं. मी एक्सटर्नल होतो. कोड माझ्या लॅपटॉपवर घेतला. दोन जोड्यांचं बांधताना अडलं, बाकीच्यांचं बांधलं गेलं. शेवटच्या टेबलावर दोन मुलगे होते. त्यांच्या निकालाची शेवटची ओळ अशी होती: तपासण्या ५२, पास ४८, अपेक्षित नापास ३, नापास १.

"हे तीन का चालत नाहीत?"

त्यांनी सांगितलं. स्ट्रिंग अजून घेतल्याच नाहीत, तिन्ही त्याच्याच. फाइलीत तसं लिहिलेलंही होतं, तारखेसकट.

"आणि ही एक?"

"ही आज सकाळी आली, सर. बी बॅचची आहे. पाचाच्या आधी दोनदा वजा लिहिलं की उत्तर उलटं येतं. का ते अजून कळलं नाही."

मी मार्क लिहिले, सही केली, पिशवी उचलली. साडेपाच वाजून गेले होते. कुलूप आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन शिपाई मामा दारात आले. दोघं अजून त्या ओळीवरच होते. एकाने व्याकरणाच्या फाइलीत काहीतरी बदललं, दुसऱ्याने मेक म्हटलं. मामांचा हात दिव्याच्या बटणावर होता. तो त्यांनी खाली घेतला आणि दारापाशीच्या स्टुलावर बसले.